डीजेसाठी पेनड्राइव्ह: निवड, तपासणी आणि जपणूक

हेडफोन घेताना नवा डीजे महिनाभर चौकशी करतो. कंट्रोलर घेताना दहा जणांना विचारतो. पेनड्राइव्ह मात्र ड्रॉवर उघडून हाताला लागेल तो उचलतो. खरं तर बूथमध्ये उभं राहिल्यावर तुमची सगळी गाणी, हॉट क्यू (गाण्यात हव्या त्या जागी उडी मारायच्या खुणा), बीटग्रिड (ठेक्यांची आखणी), प्लेलिस्ट, म्हणजे महिनोन्‌महिने घरी बसून केलेली मेहनत, त्या बोटभर लांबीच्या वस्तूत असते. लॅपटॉप सोबत नसतो. जे आहे ते तेवढंच.

एका कार्यक्रमात माझा सेट रंगात आला असताना स्क्रीनवरची गाण्यांची यादी अचानक नाहीशी झाली. चालू असलेल्या गाण्याचे चार बीट प्लेअरने, म्हणजे पेनड्राइव्हवरची गाणी वाजवणाऱ्या यंत्राने, धरून ठेवले आणि तेच फिरवत राहिला. या सोयीला इमर्जन्सी लूप म्हणतात. ड्राइव्हशी संपर्क तुटला तरी आवाज एकदम बंद पडू नये म्हणून ती दिलेली असते. दुसऱ्या डेकमध्ये, म्हणजे शेजारच्या प्लेअरमध्ये, दुसरा पेनड्राइव्ह होता म्हणून निभावलं. बंद पडलेला पेनड्राइव्ह नवाकोरा होता, पाकिटावर मोठा वेग छापलेला होता, आणि मी तो एकदाही न तपासता बॅगेत टाकला होता. तेव्हापासून मी जी पद्धत पाळतो ती इथे क्रमाने सांगतो. पहिल्यांदाच प्लेअरवर वाजवायला निघालेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

पायरी १: प्लेअरला नेमकं काय लागतं ते समजून घ्या

पाकिटावरचा वेग बघून पेनड्राइव्ह निवडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. थोडा हिशेब करू. ३२० केबीपीएसचं एमपी३ गाणं वाजताना सेकंदाला फक्त ४० किलोबाइट लागतात. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह किंवा एआयएफएफ फाइल सेकंदाला साधारण १७६ किलोबाइट मागते. चार डेकवर एकाच वेळी वेव्ह फाइली चालू असल्या तरी पाऊण मेगाबाइटच्या आतच काम भागतं. क्लबमध्ये आजही सर्रास दिसणाऱ्या पायोनियर कंपनीच्या सीडीजे-२०००, सीडीजे-२०००एनएक्सएस आणि एनएक्सएस२ या प्लेअरांचे पोर्ट यूएसबी २.० चे आहेत. कागदावर ४८० मेगाबिट आणि प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट एवढीच त्यांची धाव. म्हणजे सेकंदाला ४०० मेगाबाइटच्या ड्राइव्हचा वेग तिथे वापरलाच जात नाही.

मग वेग कुठेच महत्त्वाचा नाही का? दोन ठिकाणी आहे. पहिलं ठिकाण म्हणजे घरी कॉम्प्युटरवरून गाणी भरताना. बऱ्याच स्वस्त ड्राइव्हमध्ये सुरुवातीचे काही गिगाबाइट झपाट्याने लिहिले जातात, कारण चिपचा थोडा भाग तात्पुरत्या जलद साठ्यासारखा वापरलेला असतो. तो भरला की वेग कोसळतो. ६० गिगाबाइटची लायब्ररी सेकंदाला १०० मेगाबाइटने दहा मिनिटांत भरते. वेग १० मेगाबाइटवर आला तर तेच काम शंभर मिनिटं चालतं. आणि कार्यक्रमाच्या दुपारी तुमच्याकडे शंभर मिनिटं नसतात.

दुसरं ठिकाण अधिक महत्त्वाचं आणि ते पाकिटावर कधीच छापलेलं नसतं. प्लेअर गाणं उघडतो तेव्हा फक्त गाण्याची फाइल वाचत नाही. डेटाबेस, वेव्हफॉर्मची (आवाजाच्या आलेखाची) छोटी फाइल, बीटग्रिड, कव्हरचं चित्र असे बारीकसारीक तुकडे ड्राइव्हच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून तो गोळा करतो. मोठी एकसंध फाइल जोरात वाचणं कुठल्याही ड्राइव्हला जमतं. विखुरलेले शेकडो तुकडे न अडखळता देणं हे आतल्या कंट्रोलर चिपच्या दर्जावर अवलंबून असतं. यादी स्क्रोल करताना स्क्रीन अडकते, वेव्हफॉर्म उशिरा उमटतं, ते बहुतेकदा याच कारणाने.

म्हणून माझी अपेक्षा साधी आहे: ड्राइव्ह पहिल्या मिनिटाला जसा वागतो तसाच चौथ्या तासाला वागला पाहिजे.

पायरी २: किती गिगाबाइटचा घ्यायचा

सहा मिनिटांचं ३२० केबीपीएस एमपी३ गाणं साधारण साडेचौदा मेगाबाइटचं होतं. ६४ गिगाबाइटमध्ये अशी चार हजारांहून जास्त गाणी बसतात. तेच गाणं वेव्ह किंवा एआयएफएफमध्ये ६३ मेगाबाइटच्या आसपास जातं आणि ६४ गिगाबाइटमध्ये हजारभर गाणी मावतात. एका रात्री तुम्ही वाजवणार फार तर साठ-सत्तर. एमपी३ वाल्यांना ६४ आणि वेव्ह वाल्यांना १२८ गिगाबाइट पुरतं. याहून मोठा ड्राइव्ह घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण मोठ्या ड्राइव्हवर माणूस सगळी लायब्ररी ओतून ठेवतो आणि मग अंधारात हवं ते गाणं सापडत नाही. ड्राइव्ह काठोकाठ भरू नका. दहावा-पंधरावा हिस्सा तरी मोकळा राहू द्या, कारण वाजवताना प्लेअरसुद्धा त्यावर लिहीत असतो. त्याबद्दल पुढे बोलू.

एक शंका हमखास येते: ६४ चा ड्राइव्ह विंडोजमध्ये ५९.६ च का दिसतो? ही फसवणूक नव्हे. कंपनी एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं. खरी फसवणूक वेगळ्या प्रकारची असते आणि ती डोळ्यांनी दिसत नाही.

पायरी ३: हातात घेऊन बघा

बांधणीकडे मी आधी बघतो. धातूचं, एकसंध, सडपातळ शरीर आणि जागेवर घट्ट बसवलेला कनेक्टर असावा. सरकवून बाहेर काढायचा कनेक्टर असेल तर प्लेअरमध्ये खोचताना तो मागे सरकू शकतो. तुम्हाला वाटतं लागला, पण तो अर्धाच लागलेला असतो. फिरतं झाकण खिळखिळं होतं, वेगळं टोपण हरवतं. दोन्ही टोकांना वेगवेगळे कनेक्टर असलेले ड्राइव्ह फोनसाठी ठीक आहेत, पण त्यातला हलणारा प्रत्येक सांधा म्हणजे तुटायची एक नवी जागा.

रुंदीही बघा. बऱ्याच प्लेअरांचा यूएसबी स्लॉट वरच्या पृष्ठभागावर, झाकणाच्या आत असतो. ऑल-इन-वन यंत्रांवर दोन पोर्ट अगदी शेजारी असतात. जाडजूड ड्राइव्ह लावला तर दुसऱ्याला जागा उरत नाही. फार लांब ड्राइव्ह बाहेर डोकावत राहतो आणि अंधारात मनगट किंवा हेडफोनची वायर त्याला अडकते. उलट नखाएवढे छोटे ड्राइव्हही मला पटत नाहीत. एवढ्याशा जागेत उष्णता बाहेर पडायला वाव नसतो, तापल्यावर कंट्रोलर स्वतःचा वेग कमी करतो, आणि सेट संपल्यावर घाईत बोटांनी उपसून काढणंही अवघड जातं. धातूचा ड्राइव्ह हाताला गरम लागतो म्हणून घाबरू नका. आतली उष्णता बाहेर येते आहे, एवढाच त्याचा अर्थ. वाचताना-लिहिताना लुकलुकणारा छोटा दिवा असेल तर चांगलंच, काढताना त्याचा मोठा आधार वाटतो.

नावंच हवी असतील तर सॅमसंगचा बार प्लस या अपेक्षांच्या जवळ जातो: धातूचा, एकसंध, सडपातळ, आणि एका टोकाला दोरी ओवायला जागा. सॅनडिस्कचा एक्स्ट्रीम प्रो यूएसबी ३.२ लिहिण्यात फार वेगवान आहे (कंपनी वाचायला सेकंदाला ४२० आणि लिहायला ३८० मेगाबाइटपर्यंत सांगते). रोज नवी गाणी भरणाऱ्याला तो सोयीचा. फक्त त्याचा कनेक्टर सरकता आहे, तेव्हा पूर्ण बाहेर आल्याचा खटका जाणवल्याशिवाय खोचू नका. सॅमसंग, सॅनडिस्क, किऑक्सिया, मायक्रॉन ही मंडळी फ्लॅश मेमरीच्या निर्मितीत स्वतः आहेत. किंग्स्टन, ट्रान्सेंडसारखे ब्रँड त्यांच्यासारख्यांकडून मेमरी घेऊन ड्राइव्ह बनवतात आणि त्यांचेही चांगले ड्राइव्ह आहेत. कार्यक्रमात फुकट वाटलेले, कंपनीचा लोगो छापलेले ड्राइव्ह फक्त फाइली इकडून तिकडे न्यायला ठेवा, वाजवायला कधीच नको.

एकाच मॉडेलच्या नावाखाली आतली चिप बदलली जाते. पहिल्या खेपेचा ड्राइव्ह उत्तम निघतो आणि वर्षभराने त्याच नावाने घेतलेला मंद निघतो. म्हणून दोन घ्यायचे तर एकाच वेळी, एकाच विक्रेत्याकडून घ्या. आणि दोन घ्यायचेच आहेत. एक पेनड्राइव्ह घेऊन वाजवायला जाणं मला आता कल्पनेतही पटत नाही. पैसे कमी असतील तर १२८ चा एक घेण्यापेक्षा ६४ चे दोन घ्या.

पोर्टेबल हार्ड डिस्क आणि एसएसडीबद्दलही विचारलं जातं. यूएसबी २.० च्या मानकानुसार पोर्ट ५०० मिलिॲम्पिअरपर्यंत वीज देतो. फिरणारी हार्ड डिस्क सुरू होताना कित्येकदा त्याहून जास्त ओढते. वर बूथमध्ये बासचे हादरे असतात आणि फिरत्या तबकडीला ते मानवत नाहीत. हार्ड डिस्क नकोच. एसएसडीला हादऱ्यांची भीती नाही, पण काही एसएसडी विजेच्या बाबतीत हावरट असतात, आणि वायरने जोडलेला डबा प्लेअरवर ठेवायचा म्हणजे वायर ओढली जाण्याची जोखीम आलीच. ज्या प्लेअरवर वाजवणार त्यावर प्रत्यक्ष तपासलेला असेल तरच तो न्या. यूएसबी हबमधून ड्राइव्ह लावणं या प्लेअरांवर चालत नाही. पासवर्ड मागणारे, सुरक्षा सॉफ्टवेअर आधीच भरलेले ड्राइव्हही टाळा, कारण तो पासवर्ड टाकायला प्लेअरवर जागाच नसते.

पायरी ४: गाणी भरण्याआधी पूर्ण तपासणी

ही पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती, आणि त्याचं काय झालं ते वर सांगितलं आहे.

बनावट ड्राइव्हमध्ये कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आत मेमरी १६ गिगाबाइट, पण कॉम्प्युटरला तो २५६ सांगतो. पहिले १६ गिगाबाइट व्यवस्थित लिहिले जातात. त्यापुढचं हवेत विरतं किंवा आधीच्या फाइलींवरच लिहिलं जातं. फाइलींची नावं यादीत दिसत राहतात, गाणं लोड केल्यावर मात्र आत काहीच नसतं. थोडी गाणी भरून बघितलं तर हे कधीच उघड होत नाही. त्यासाठी ड्राइव्ह शेवटच्या बाइटपर्यंत भरून परत वाचावा लागतो.

विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा, मोफत प्रोग्रॅम हे काम करतो. मॅक आणि लिनक्सवर एफ३ आहे, त्यात लिहिण्याची आणि वाचण्याची अशा दोन आज्ञा एकामागून एक द्यायच्या असतात. ड्राइव्ह रिकामा करा, पूर्ण क्षमतेची चाचणी निवडा आणि दुसऱ्या कामाला लागा. सेकंदाला २० मेगाबाइट वेगाने लिहिणाऱ्या ६४ गिगाबाइटच्या ड्राइव्हला फक्त भरायलाच पाऊण-एक तास लागतो, वर वाचायचा वेळ वेगळा.

निकालात तीन गोष्टी बघा. एकही चूक नसावी, एकसुद्धा. शेवटी दाखवलेला लिहिण्याचा सरासरी वेग सुसह्य असावा. आणि मधूनमधून ड्राइव्हला हात लावून बघा, चटका बसण्याइतका तापत असेल तर तो माझ्या बॅगेत जात नाही. चूक दाखवली तर फॉरमॅट करून पुन्हा नशीब आजमावू नका, सरळ परत करा. दोन्ही ड्राइव्हवर ही चाचणी वेगवेगळी करायची. एक उत्तम निघाला म्हणून त्याचा जोडीदार आपोआप उत्तम ठरत नाही.

पायरी ५: फॉरमॅट

प्लेअर ड्राइव्ह ओळखत नाही या तक्रारीचं कारण फार वेळा इथे सापडतं. उत्तर थोडक्यात असं: फाइली साठवायची पद्धत फॅट३२, ड्राइव्हच्या विभागणीची पद्धत मास्टर बूट रेकॉर्ड (एमबीआर), आणि एकच पार्टिशन, म्हणजे एकच विभाग. जुन्या सीडीजे-२००० पासून आजच्या प्लेअरांपर्यंत हे सगळीकडे वाचलं जातं. एनटीएफएस पायोनियरच्या प्लेअरांवर चालत नाही. एक्सफॅट नव्या यंत्रांपैकी काहींना कळतं, जुन्या सीडीजेंना कळत नाही. मॅकचं एचएफएस प्लस पायोनियर वाचतो, पण मग तो ड्राइव्ह विंडोजवाल्या मित्राच्या लॅपटॉपवर उघडणार नाही. डेनॉन डीजेच्या प्राइम मालिकेतल्या यंत्रांना एक्सफॅट आणि फॅट३२ दोन्ही चालतं. पुढच्या कार्यक्रमात कोणता प्लेअर समोर येईल याची खात्री नवख्या डीजेला कधीच नसते, म्हणून फॅट३२.

त्याची एकच मर्यादा लक्षात ठेवा: एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी चालत नाही. गाण्यांना याची झळ लागत नाही.

विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी अनेक वर्षं ३२ गिगाबाइटपुढच्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्यायच देत आलेली नाही. यावरून खूप जण समजतात की फॅट३२ मोठ्या ड्राइव्हवर चालतच नाही. तसं नाही, ही मर्यादा फक्त त्या खिडकीची आहे. रूफस या मोफत प्रोग्रॅममध्ये बूट न होणारा ड्राइव्ह, एमबीआर आणि फॅट३२ असे पर्याय निवडले की ६४ किंवा १२८ चा ड्राइव्हही नीट तयार होतो. क्लस्टरचा आकार आपोआप येईल तोच ठेवा.

मॅकवर गफलत वेगळीच होते. डिस्क युटिलिटी उघडली की डावीकडे ड्राइव्हच्या आतला भाग दिसतो, मूळ उपकरण नाही. व्ह्यू मेनूमधून शो ऑल डिव्हाइसेस निवडा, मग सगळ्यात वरचं उपकरण निवडून इरेज दाबा. फॉरमॅट एमएस-डॉस फॅट आणि स्कीम मास्टर बूट रेकॉर्ड. वरचं उपकरण निवडलं नाही तर स्कीमचा रकाना दिसतच नाही, ड्राइव्ह जीयूआयडी स्कीमवरच राहतो आणि जुना प्लेअर त्याला हात लावत नाही. घरी सगळं ठीक दिसतं आणि बूथमध्ये ड्राइव्ह गायब, या प्रसंगामागे मी हेच कारण सगळ्यात जास्त वेळा पाहिलं आहे.

फॉरमॅट करतानाच ड्राइव्हला नाव द्या. फॅट३२ मध्ये ११ अक्षरं मिळतात. प्लेअरच्या स्क्रीनवर हेच नाव दिसतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत तुमचं नाव आणि शेवटी ए किंवा बी लिहा. चार जणांचे ड्राइव्ह एका वेळी लागलेले असताना "नो नेम" नावाचे तीन ड्राइव्ह दिसले की काय गोंधळ होतो, ते एकदा अनुभवलं की पुरतं.

पायरी ६: गाणी भरणं

पायोनियरच्या रेकॉर्डबॉक्स या गाणी तयार करायच्या सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट केल्यावर ड्राइव्हवर दोन मुख्य फोल्डर तयार होतात. कंटेंट्समध्ये गाणी जातात आणि पायोनियरमध्ये डेटाबेस, वेव्हफॉर्म, क्यू, सेटिंग्ज. या फोल्डरांत फाइल मॅनेजरमधून काहीही हलवू, पुसू किंवा नाव बदलू नका. गाणं काढायचं असेल तर रेकॉर्डबॉक्समधूनच काढा, नाहीतर यादीत नाव राहतं आणि फाइल सापडत नाही. डेनॉनच्या यंत्रांसाठीचं इंजिन डीजे हे सॉफ्टवेअर स्वतःचा वेगळा इंजिन लायब्ररी फोल्डर बनवतं, त्यामुळे दोन्ही व्यवस्था एका ड्राइव्हवर शेजारी राहू शकतात, फक्त जागा जास्त लागते.

ओपस-क्वाड आणि ओम्निस-डुओसारखी नवी यंत्रं डिव्हाइस लायब्ररी प्लस या नव्या रचनेचा डेटाबेस वाचतात. जुने सीडीजे जुन्या रचनेचा वाचतात. नव्या रेकॉर्डबॉक्समध्ये दोन्ही तयार करता येतात. कार्यक्रमाच्या आयोजकाला यंत्राचं मॉडेल आधीच विचारा आणि त्याप्रमाणे एक्सपोर्ट करा. ड्राइव्ह धडधाकट असूनही प्लेलिस्ट दिसत नाहीत, तेव्हा दोष कित्येकदा या रचनेच्या फरकाचा असतो.

फाइलींच्या प्रकारातही असाच सावधपणा हवा. फ्लॅक आणि ॲपल लॉसलेस २०१६ च्या एनएक्सएस२ पासून पुढे वाजतात. त्याआधीच्या सीडीजे-२००० आणि पहिल्या एनएक्सएसवर वाजत नाहीत. ३२० केबीपीएस एमपी३ किंवा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ एआयएफएफ सगळीकडे चालतं. वेव्हपेक्षा मला एआयएफएफ आवडतं, कारण त्यात कलाकाराचं नाव आणि कव्हर अधिक भरवशाने टिकतं.

दुसरा ड्राइव्ह भरताना पहिल्यावरून कॉपी करायचा मोह होतो. चालतं तसं, पण पहिल्याच्या डेटाबेसमध्ये काही बिघाड असेल तर तो तसाच्या तसा दुसऱ्यात उतरतो आणि मग पर्याय म्हणून ठेवलेल्या ड्राइव्हला अर्थ राहत नाही. मी दोन्ही ड्राइव्ह रेकॉर्डबॉक्समधून वेगवेगळे भरतो. वेळ दुप्पट जातो, पण दोन स्वतंत्र प्रती हातात येतात.

काम संपल्यावर आधी रेकॉर्डबॉक्समधल्या इजेक्टच्या खुणेवर, मग ऑपरेटिंग सिस्टिममधून इजेक्ट करा आणि दिवा शांत झाल्यावरच ड्राइव्ह काढा. स्क्रीनवर काम पूर्ण झाल्याचं दिसलं तरी कॉम्प्युटर काही फाइली मागे राखून सावकाश लिहीत असू शकतो. फॅट३२ मध्ये अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद ठेवायची सोय नाही. मध्येच काढलं तर फक्त एका गाण्याचं नाही, अख्ख्या यादीचं नुकसान होऊ शकतं.

पायरी ७: खऱ्या प्लेअरवर तालीम

लॅपटॉपवर ड्राइव्ह उघडला म्हणजे काम झालं असं नाही. सरावाचा स्टुडिओ असो, मित्राचं यंत्र असो, कुठेतरी खऱ्या प्लेअरवर दोन तास बसा. सलग वाजवत राहा. मधूनच यादी वेगाने खालवर करा, शोधून बघा, हॉट क्यूवर उड्या मारा, सगळ्यात मोठी फाइल लोड करा. प्लेअर जोडलेले असतील तर एकाच ड्राइव्हवरून सगळ्या डेकवर गाणी घ्या. ड्राइव्ह काढा, परत लावा, प्लेअर बंद करून सुरू करा. पेनड्राइव्ह हळूच हलवूनही बघा. किंचित हलवल्यावर संपर्क तुटत असेल तर तो पेनड्राइव्ह वाजवायच्या कामाचा नाही.

दोन्ही ड्राइव्हची तालीम घ्या. बी ड्राइव्ह पहिल्यांदा लागतो तो संकटातच, आणि तेव्हा त्यात काय आहे हे शोधत बसायला वेळ नसतो.

बूथमध्ये गेल्यावर

साउंडचेकच्या वेळी पोचा आणि प्रत्येक प्लेअरच्या पोर्टमध्ये ड्राइव्ह लावून बघा. क्लबचे पोर्ट वर्षानुवर्षं शेकडो हातांनी वापरलेले असतात. साध्या यूएसबी-ए कनेक्टरचं मानक १,५०० वेळा लावणं-काढणं एवढंच धरून आखलेलं आहे. रोज रात्री चार-पाच डीजे बदलणाऱ्या ठिकाणी हा आकडा वर्षभरात गाठला जातो. म्हणजे ढिला लागला तर दोष नेहमी तुमच्या ड्राइव्हचा असेलच असं नाही. अशा वेळी दुसऱ्या डेकचा पोर्ट वापरा.

प्रो डीजे लिंकने जोडलेल्या प्लेअरांवर एकाच ड्राइव्हमधली गाणी सगळ्या डेकवर घेता येतात. सोय मोठी आहे, पण सगळा सेट त्या एका पोर्टवर टांगलेला असतो हेही त्यातच आलं. ए एका प्लेअरमध्ये आणि बी दुसऱ्यात, सुरुवातीपासून लावून ठेवा. ए गेला तर फक्त बटण दाबून बी उघडायचा, बॅगेत हात घालावा लागत नाही. ज्या प्लेअरमध्ये तुमचा ड्राइव्ह आहे तो डेक रिकामा दिसला तरी कुणाला बंद करू देऊ नका.

ड्राइव्ह काढताना यूएसबी स्टॉपचं बटण दाबून धरा आणि यूएसबीचा दिवा विझेपर्यंत थांबा. वाजवताना प्लेअर ड्राइव्हवर हिस्ट्री लिहीत असतो, तुम्ही केलेले नवे क्यू साठवत असतो. त्या क्षणी उपसून काढलात तर डेटाबेस फाटू शकतो आणि ते कळतं पुढच्या कार्यक्रमात. डीजे बदलताना घाई होते, समोर माणसं नाचत असतात, पुढचा डीजे खांद्याशी उभा असतो. तरीही ते दोन-तीन सेकंद द्यायचे. दुसऱ्याचा ड्राइव्ह तर त्याला विचारल्याशिवाय काढायचाच नाही. त्याचं गाणं अजून लाइन फेडरवर वाजत असेल तर तुमच्या हाताने त्याचा सेट तुटेल.

कधी बदलायचा

फ्लॅश मेमरी लिहून लिहून झिजते, पण डीजेच्या वापरात लिहिणं कमी आणि वाचणं जास्त, त्यामुळे मेमरी झिजण्याआधी कनेक्टर ढिला होणं, पडणं किंवा कंट्रोलर बिघडणं हेच बहुतेकदा घडतं. बिघाडाच्या आधी खुणा दिसतात: ड्राइव्ह दिसायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, एक्सपोर्ट मध्येच थांबतं, कॉम्प्युटर प्रत्येक वेळी दुरुस्तीची परवानगी मागतो, एखादं गाणं ठरावीक जागी अडखळतं. दुरुस्ती एकदा करायला हरकत नाही. विंडोजमध्ये एरर चेकिंग, मॅकवर फर्स्ट एड. त्यानंतर पूर्ण फॉरमॅट, पुन्हा चौथ्या पायरीची चाचणी, पुन्हा एक्सपोर्ट. तीच खूण परत दिसली तर तो ड्राइव्ह निवृत्त करा. मी दोन वर्षांनी जोडी बदलतो, खुणा दिसोत वा न दिसोत. जुनी जोडी सरावाला जाते.

पेनड्राइव्हवर असलेली प्रत ही कधीच तुमची मूळ लायब्ररी नसावी. वीज न लागता वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फ्लॅश मेमरीतला मजकूर हळूहळू पुसट होत जातो. मूळ लायब्ररी कॉम्प्युटरवर, तिची प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि रेकॉर्डबॉक्समधली बॅकअप लायब्ररी ही सोय महिन्यातून एकदा तरी वापरा. गाणी परत मिळवता येतात, हाताने लावलेले हजारो क्यू परत मिळत नाहीत.

बॅगेतला तिसरा

ए आणि बी शिवाय माझ्याकडे १६ गिगाबाइटचा एक साधा ड्राइव्ह असतो, फॅट३२ आणि एमबीआर. त्यावर रेकॉर्डबॉक्सचा डेटाबेस नाही, फक्त शंभरेक खात्रीची एमपी३ गाणी साध्या फोल्डरांत ठेवलेली. फोल्डरांच्या आत फोल्डर एक-दोन पातळ्यांपुरतेच, कारण आठ पातळ्यांपलीकडे सीडीजे वाचत नाही आणि तेवढं खोल जाण्याचं कामही नाही. बीटग्रिड आणि वेव्हफॉर्म आधी तयार नसतात, म्हणून प्रत्येक फाइलच्या नावात सुरुवातीलाच बीपीएमचा (मिनिटाला किती ठोके) आकडा लिहिलेला आहे: १२२, मग कलाकार, मग गाण्याचं नाव. यादी आपोआप वेगाच्या क्रमाने लागते. हा ड्राइव्ह ए आणि बी पासून वेगळ्या खिशात असतो, हेडफोनच्या पाउचमध्ये, म्हणजे बॅग हरवली तरी तो माझ्यासोबत राहतो.